अवयवरोपणानंतर बालकाच्या रक्तातील विषाणूंची मोजदाद

तालुक्याच्या गावाहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या दिराच्या मुलाची पित्तनलिका जन्मतःच बंद होती. त्यामुळे यकृत निकामी झाले आणि पुण्याला त्याच्यावर यकृतरोपण करावे लागले. आईने आपल्या यकृताचा भाग दिला. शस्त्रक्रियेला आता सात महिने झाले. मूल जेवते, खेळते, अंगाने भरले आहे. भगिनी विचारतात, 'तरीही दर महिन्याला रक्त काढून त्यातले विषाणू मोजतात. मूल धडधाकट असताना हा खर्च कशासाठी? एखाद-दोन महिने तपासणी चुकवली तर चालणार नाही का?'

प्रश्न रास्त आहे. मोठ्या शहरात जाण्या-येण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि वर तपासणीचे पैसे हा भार लहान नाही. हाच प्रश्न माझ्या दवाखान्यातही पालक विचारतात. म्हणून एका ओळीत उत्तर न देता आजचा सगळा लेख या विषयाला देत आहे. थोडक्यात सांगायचे तर, आपल्या मनाने ही तपासणी चुकवू नये. का, ते आता पाहू.

प्रतिकारशक्तीला लगाम

आपले शरीर बाहेरून आलेली वस्तू सहजासहजी मानून घेत नाही. आईचे यकृत झाले तरी बाळाच्या शरीराच्या दृष्टीने ते परकेच. रक्तातील पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. यालाच शरीराने अवयव नाकारणे असे म्हणतात. अमेरिकेतील डेन्व्हर येथे १९६३ साली डॉ. थॉमस स्टार्झल यांनी मानवातील पहिले यकृतरोपण केले. तो रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता आणि त्यालाही जन्मतःच पित्तनलिकेचा दोष होता. तो वाचला नाही. यकृतरोपण खऱ्या अर्थाने रुळले ते १९८० नंतर, प्रतिकारशक्तीला लगाम घालणारे सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आल्यावर. पुढे जपानमधील मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून टॅक्रोलिमस हे औषध मिळाले. आज रोपण झालेल्या बहुतेक मुलांना हेच औषध दिले जाते.

आपल्या देशात लहान मुलावरील पहिले यशस्वी यकृतरोपण १९९८ साली दिल्लीत झाले. त्या बाळाचे वय दोन वर्षांहूनही कमी होते आणि वडिलांनी आपल्या यकृताचा भाग दिला होता. ते बाळ पुढे मोठे होऊन स्वतः डॉक्टर झाले. म्हणजे ही मुले दीर्घकाळ आणि चांगले आयुष्य जगू शकतात. मात्र त्यासाठी औषधांचा लगाम नेमका हवा. तो सैल पडला तर शरीर अवयव नाकारते. फार आवळला तर विषाणूंना रान मोकळे मिळते.

शरीरात दडून बसणारे विषाणू

लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाला उतारवयात कधीकधी नागीण होते, हे आपण पाहतो. दोन्हींचा विषाणू एकच. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीर सोडून जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे झोपून राहतो आणि प्रतिकारशक्ती कमी झाली की डोके वर काढतो. याच कुळातला दुसरा एक विषाणू म्हणजे एपस्टाइन-बार विषाणू, अर्थात ईबीव्ही. लंडनमध्ये १९६४ साली अँथनी एपस्टाइन, यव्हॉन बार आणि बर्ट अ‍ॅचॉंग यांनी तो शोधून काढला. आफ्रिकेतील युगांडा देशातल्या मुलांच्या जबड्याला होणाऱ्या एका कर्करोगाच्या गाठीत तो त्यांना दिसला.

नाव अनोळखी वाटले तरी हा विषाणू आपल्या घरातलाच आहे. जगातील दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. लाळेवाटे तो पसरतो. उष्टा चमचा, एकाच पेल्यातले पाणी, मुका यांतून तो मुलांकडे येतो. आपल्याकडे बहुतेकांना तो बालपणीच गाठतो. दोन-चार दिवस ताप, घसा दुखणे, मानेला अवधाण येणे एवढेच होते. पुष्कळदा तर काहीच जाणवत नाही. त्यानंतर तो पांढऱ्या पेशींपैकी 'बी' नावाच्या पेशींमध्ये जन्मभर मुक्काम करतो. 'टी' नावाच्या पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. हा पहारा जागा असतो तोवर आपल्याला त्याची खबरही नसते.

रोपणानंतरची औषधे नेमका हाच पहारा ढिला करतात. कारण अवयव नाकारण्याचे कामही प्रामुख्याने या टी पेशीच करतात. एकाच पहारेकऱ्याला अवयवाकडे दुर्लक्ष कर आणि विषाणूंवर मात्र डोळा ठेव असे वेगवेगळे सांगता येत नाही. सारी अडचण इथे आहे.

धोका मुलांनाच अधिक का?

प्रौढ रुग्णाची या विषाणूशी जुनी ओळख असते. त्याच्याशी लढायला तयार झालेल्या पेशी त्याच्या शरीरात आधीपासून असतात. बाळाची मात्र ही ओळख अजून व्हायची असते. दाता बहुधा आई किंवा वडील, म्हणजे विषाणू बाळगणारे प्रौढ माणूस. त्यांच्या अवयवात ज्या थोड्या पांढऱ्या पेशी असतात त्यांच्याबरोबर विषाणूही बाळाच्या शरीरात येतो. एरवी बाळाने ही लागण सहज पचवली असती. पण ती होते नेमकी प्रतिकारशक्ती सर्वांत दबलेली असताना.

यात आईचा काहीच दोष नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी नीट समजून घ्यावे. 'तुझ्यामुळे पोराला जंतू लागले' असे शब्द मी ऐकले आहेत आणि ते ऐकणाऱ्या आईचा चेहराही पाहिला आहे. तिने आपल्या पोटातला अवयव काढून मुलाला दिला. विषाणू जवळजवळ प्रत्येक प्रौढात असतो. दाता दुसरा असता तरी बहुधा तेच झाले असते.

शस्त्रक्रियेपूर्वी दाता आणि बालक दोघांचीही रक्ततपासणी करून पूर्वी लागण झाली आहे का ते पाहतात. दात्याला झालेली आहे आणि बाळाला नाही, अशी जोडी असेल तर धोका जास्त. अगदी तान्ह्या बाळात ही तपासणी फसवी ठरू शकते, कारण आईकडून गर्भात मिळालेली प्रतिद्रव्ये वर्ष-दीड वर्ष रक्तात दिसू शकतात. म्हणून इतक्या लहान बाळाला डॉक्टर बहुधा लागण न झालेलेच समजतात आणि अधिक जपतात. कोणता अवयव बसवला यावरही धोका अवलंबून असतो. आतड्याच्या रोपणात तो सर्वांत जास्त, हृदय व फुप्फुसाच्या रोपणातही बराच, तर यकृत आणि मूत्रपिंडाच्या रोपणात त्या मानाने कमी.

विषाणू मोकाट सुटला तर

पहारा ढिला झाला की विषाणू ज्या बी पेशींत राहतो त्या पेशी बेसुमार वाढू लागतात. मानेत, काखेत, टॉन्सिलमध्ये, पोटात किंवा खुद्द नव्या अवयवात गाठी होतात. डॉक्टर या विकाराला थोडक्यात पीटीएलडी म्हणतात. सुरुवातीला ही नुसती वाढ असते. वेळीच रोखली नाही तर ती लसीका ग्रंथींच्या कर्करोगाचे रूप घेऊ शकते.

यातला दिलासा असा की ही वाढ पुष्कळदा परतवता येते. स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवून दिले की, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी केली किंवा थांबवली तर यातील काही गाठी आपोआप विरघळतात. पहारेकरी जागा झाला की तो आपले काम करतो. पण त्यासाठी गोष्ट लवकर कळायला हवी. गाठ हाताला लागेपर्यंत थांबण्यापेक्षा, विषाणूंची संख्या वाढू लागतानाच सावध होता आले तर अधिक बरे. मासिक तपासणीचा उगम या विचारात आहे.

मोजतात कसे?

रक्ताच्या थेंबातील विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. त्यासाठी पीसीआर ही तपासणी करतात. करोनाच्या साथीत हे नाव घराघरांत पोचले. अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मलिस यांना १९८३ साली ही पद्धत सुचली आणि १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यात विषाणूच्या जनुकद्रव्याचा ठरावीक तुकडा पुनःपुन्हा दुप्पट करत नेतात. किती फेऱ्यांनंतर तो यंत्राला दिसू लागला यावरून मुळात किती विषाणू होते याचा हिशेब निघतो. अहवालात एक मिलिलिटर रक्तात अमुक इतके, असा आकडा येतो.

हा आकडा वाचायचा कसा, हे पालकांनी समजून घेतले तर निम्मी घालमेल कमी होईल. पावसाळ्यात कोल्हापूरकर पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील पातळी रोज वर्तमानपत्रात पाहतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पण जाणकार माणूस नुसती पातळी पाहत नाही. काल किती होती, आज किती, पाणी चढते आहे की उतरते आहे, हे तो पाहतो. विषाणूंच्या आकड्याचेही तसेच आहे. फरक एवढाच की, इथे सर्व प्रयोगशाळांना लागू पडेल अशी एकच धोक्याची रेषा अजून ठरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोजमापासाठी प्रमाण नमुने दिल्यापासून परिस्थिती सुधारली आहे, तरी एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी तंतोतंत जुळेल असे नाही. संपूर्ण रक्तात मोजलेला आकडा आणि रक्तद्रवात मोजलेला आकडा हेही वेगळे असतात.

म्हणून गेल्या महिन्यात १,००० आणि या महिन्यात २,००० आला तर घाबरू नये. एवढा फरक तपासणीतील नेहमीच्या चढउतारामुळेही पडतो. पण १,००० चे १०,००० आणि पुढच्या खेपेस लाखभर झाले, तर पाणी खरोखरच चढते आहे. ही चढती रेष दिसण्यासाठी मधले आकडे हवेत. एखाद-दोन महिने तपासणी चुकवली तर नेमकी तीच हातातून जाते.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. ही तपासणी म्हणजे भविष्यवाणी नव्हे. आकडा वाढलेल्या सर्वच मुलांना गाठी होत नाहीत. काही मुलांच्या रक्तात महिनोन्‌महिने विषाणू भरपूर राहतात आणि तरी ती ठणठणीत असतात. उलट आकडा कमी असेल तर धोका बराच कमी समजतात, पण तो शून्य नसतो. क्वचित आकडा वाढलेला नसतानाही गाठी होतात. म्हणून आकड्याबरोबर मुलाला हाताने तपासणेही तितकेच आवश्यक आहे.

याचा अनुभव मी घेतला आहे. यकृतरोपण झालेली चार वर्षांची एक मुलगी माझ्याकडे मधल्या तपासणीसाठी येत असे. लागोपाठ तीन अहवालांत तिचा आकडा चढत गेला होता. मुलगी हसत-खेळत होती, त्यामुळे घरच्यांना काळजीचे काही वाटत नव्हते. बोलता बोलता तिची आजी म्हणाली, 'डॉक्टर, ही हल्ली रात्री म्हाताऱ्या माणसासारखी घोरते.' घशात पाहिले तर टॉन्सिल फार मोठे झाले होते आणि मानेला दोन्ही बाजूंनी अवधाण होते. त्याच दिवशी रोपण केंद्राला फोन केला. तिथे तुकडा काढून तपासला असता सुरुवातीची पीटीएलडी निघाली. औषधाची मात्रा उतरवली, यकृतावर बारीक लक्ष ठेवले. गाठी विरल्या, आकडा खाली आला आणि यकृतही टिकले. आकडा आणि आजीचे लक्ष, दोन्ही कामी आले.

आकडा वाढला तर पुढे काय?

प्रथम तपासणी पुन्हा करून खात्री करतात. मुलाची नखशिखांत तपासणी होते. त्यानंतर टॅक्रोलिमसची मात्रा बेताने कमी करतात आणि अवयव नाकारला जात नाही ना, यासाठी यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या तपासण्या थोड्या थोड्या दिवसांनी करतात. गाठीची शंका आली तर स्कॅन करून तिचा तुकडा तपासतात. तेवढ्याने भागले नाही तर बी पेशींवर काम करणारे रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन देतात. काहींना कर्करोगाची औषधेही लागतात. ईबीव्ही मुळापासून घालवणारे औषध आज नाही. म्हणून सारा भर वेळेवर ओळखण्यावर आहे.

आणखी दोन विषाणू

दुसरा महत्त्वाचा विषाणू सायटोमेगॅलो, म्हणजे सीएमव्ही. तोही अवयवाबरोबर येऊ शकतो. ताप, पांढऱ्या पेशी कमी होणे, जुलाब, यकृताला किंवा फुप्फुसाला सूज, असे त्याचे उपद्रव आहेत. यावर मात्र गॅन्सिक्लोविर आणि तोंडाने घेण्याचे व्हॅलगॅन्सिक्लोविर ही औषधे आहेत. काही केंद्रे सुरुवातीचे काही महिने सर्वच धोक्यातील मुलांना औषध देतात. काही केंद्रे ठरावीक दिवसांनी विषाणू मोजतात आणि आकडा वाढला की आजार दिसण्यापूर्वीच औषध सुरू करतात. दोन्ही मार्ग मान्य आहेत.

मूत्रपिंड बसवलेल्या मुलांत बीके नावाच्या विषाणूवर लक्ष ठेवतात. १९७१ साली लंडनमध्ये एका मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णाच्या लघवीत तो सापडला आणि त्या रुग्णाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव पडले. तो नव्या मूत्रपिंडाची हळूहळू हानी करतो. मुलाला काहीच जाणवत नाही, म्हणून रक्तातील आकडा हाच पहिला इशारा. त्याच्यावरही खात्रीचे औषध नाही. वेळीच मात्रा कमी करणे हाच उपाय.

पालकांनी हे सांभाळावे

१. तपासण्यांसाठी एक वही करावी. तारीख, प्रयोगशाळा, विषाणूंचा आकडा, टॅक्रोलिमसची पातळी, वजन आणि औषधांची मात्रा ओळीने लिहावी. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी.

२. टॅक्रोलिमसची पातळी पाहायची असेल त्या दिवशी सकाळचे औषध रक्त दिल्यानंतरच द्यावे. आधी दिले तर आकडा खोटा वाढलेला येतो.

३. औषधाची मात्रा आपल्या मनाने कमी-जास्त करू नये. विषाणू वाढले हे कळताच घाबरून औषध बंद करणे हे तपासणी चुकवण्याइतकेच घातक आहे.

४. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके आणि बुरशीवरची काही औषधे टॅक्रोलिमसची पातळी एकदम वाढवतात. जुलाबातही ती वाढू शकते. म्हणून साध्या जुलाबातही केंद्राला कळवावे. गावठी काढे, भस्मे विचारल्याशिवाय देऊ नयेत.

५. न उतरणारा ताप, मानेत किंवा काखेत गाठी, नव्याने सुरू झालेले घोरणे, गिळायला त्रास, पोट फुगणे, शौचातून रक्त, वजन घटणे, सारखी मरगळ, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

६. लसीकरणाचे वेळापत्रक रोपण केंद्राकडून लिहून घ्यावे. गोवर, कांजिण्या यांच्यासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी रोपणानंतर सहसा देत नाहीत. शक्य असेल तेव्हा त्या रोपणापूर्वीच उरकतात.

७. मुलाला कोंडून ठेवू नये. उष्टे देऊ नये, हात धुवावेत, आजारी माणसाजवळ नेऊ नये, एवढे पुरे.

खर्चाचे काय?

पहिल्या वर्षात धोका जास्त असल्याने तपासण्या महिन्याला किंवा त्याहूनही लवकर करतात. पुढे आकडे स्थिर राहिले की अंतर वाढवत नेतात. म्हणजे हा खर्च कायमचा याच गतीने चालणार नाही. तोही झेपत नसेल तर तपासणी गुपचूप बुडवू नये. केंद्रातील डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. कोणती तपासणी लांबवता येईल, कोणती मुळीच नाही, हे तेच ठरवू शकतात. रक्ताचा नमुना जवळच्या शहरात देऊन पाठवता येईल का, हेही विचारावे, म्हणजे निदान प्रवास वाचेल. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. धर्मादाय निधी, विश्वस्त संस्था, शासकीय मदत यांची वाट ते दाखवतात. त्यांना भेटण्यात कमीपणा मानू नये.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. रोपण झालेले मूल गावी परतले की सर्दी-तापासाठी ते तुमच्या-माझ्याकडेच येणार. औषध लिहिण्यापूर्वी त्याची वही मागून पाहावी, मानेला व पोटाला हात लावावा आणि शंका आली तर केंद्राला एक फोन करावा. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते, पण पुढची राखण गावातच करायची असते.